ओल्या गोंदाच्या पलीकडे

अहो, दार उघडू नका! गाडीतला कुबट गालिचा उपटून खाली सगळीकडे व्हिनाइलची फरशी चिकटवलीये. गोंद ओला आहे. पाय ठेवलात तर माझ्या मेहनतीवर पाणी फिरेल.

मी आतच आहे, मागच्या पलंगावर. दारापासून चिकटवत आले आणि इथे अडकले. हसू नका. म्हणूनच चिठ्ठी खिडकीला आतून लावलीये. पाठीचा काटा ढिला झालाय, झोपते. हाका मारू नका.

गोंदाच्या डब्यावर लिहिलंय, उद्यापर्यंत गाडी हलवायची नाही. घर विकून या चाकांवर राहायला आलो, तेव्हापासून रोज तुमचं एकच: "चल, निघू या." आज कोंडलेय खरी, पण एका जागी आहे.

पंखा लावून गोंद वाळवायला जाऊ नका. निदान त्याला तरी त्याच्या वेळेनं वाळू द्या.