एक नाही, दोन नाही

२५ डिसेंबर, बुधवार, सकाळ
सोसायटीचे सेक्रेटरी झुंबरराव केक घेऊन आले. मेरी ख्रिसमस, शालोमसाहेब. सलग अकरावं वर्ष. अकरा वर्षं सांगतोय की आम्ही ख्रिश्चन नाही, ज्यू आहोत. बेने इस्रायल. मूळचे अलिबागकडचे. बापजादे तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात शनवार तेली म्हणायचे. ते मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा केक आणतात. आज तो केक माझ्या हातून निसटला आणि त्यांच्या तोंडावर बसला. निसटताना थोडा वेग होता, एवढंच.

बायको म्हणते, मारलात तुम्ही. मनालीला प्रत्येक गोष्टीत मारामारी दिसते. मी अंबडच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. माझ्या नावाचा अर्थच शांती.

केक बरा होता. जमिनीला न लागलेला भाग मी खाल्ला.

२८ डिसेंबर, शनिवार
आईला जाऊन २ फेब्रुवारीला वर्ष होईल. हॉस्पिटलात तिने माझं मनगट धरलं होतं. म्हणाली, पहिल्या वर्षी दहा पुरुष बसव आणि काद्दिश तू म्हण. रूबेन म्हणेलच, तू म्हण. मी हो म्हटलं.

काद्दिश ही गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. दहा ज्यू पुरुष हजर असल्याशिवाय म्हणता येत नाही. नऊ असले तरी नाही. मी स्वतः देव मानत नाही. शनिवारी कामावर जातो, आमच्यात वर्ज्य असलेली कोळंबी खातो. आमची आरोही म्हणते, बाबा, तुम्ही सेक्युलर ज्यू. कल्चरल. शब्द आवडला. आईला दिलेला शब्द कल्चरमध्येच येतो.

आई माणसं कधी सरळ मोजायची नाही. नजर लागते म्हणायची. पाहुण्यांची ताटं काढताना पुटपुटायची, एक नाही, दोन नाही, तीन नाही. तसंच मोजतो. मनमाडचे मोझेसकाका आणि त्यांची तीन मुलं. देवळालीचा एलिस आणि त्याचे सासरे. ठाण्याचे तीन चुलतभाऊ. आणि मी. दहा नाही. झालं काम, पाच मिनिटांत.

धाकटा भाऊ रूबेन पनवेलला असतो. त्याची गरज नाही. दफनाच्या दिवशी त्याने चारचौघांत विचारलं, तुला काद्दिश वाचता तरी येतो का. त्यावर त्याचा पुढचा दात पडला. मुळात हलत असावा.

१ जानेवारी, बुधवार
संकल्प. कुणावर हात उगारायचा नाही. काद्दिशच्या रोज दोन ओळी पाठ. राग आला की दहापर्यंत मोजायचं, आईसारखं.

दुपारी ४
पार्किंगमध्ये एकाने इस्रायलच्या बातम्या पाहून मिठी मारली. म्हणाला, तुमच्या लोकांनी दाखवून दिलं. पाच मिनिटांनी दुसऱ्याने बातम्या पाहूनच आईवरून शिवी दिली. तुमच्या लोकांनी असं, तुमच्या लोकांनी तसं. माझे लोक अलिबाग तालुक्यात. मी बातम्या लावतसुद्धा नाही. दोघांना समान वागणूक दिली. मिठीवाल्याचा चष्मा गेला, शिवीवाल्याचा ओठ. भेदभाव माझ्या स्वभावात नाही.

संकल्प उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार
देवळालीला एलिसकडे आमंत्रण द्यायला. तो धार्मिक आहे, पण म्हटलं चालवून घेऊ. येतो म्हणाला, सासऱ्यांनाही आणतो म्हणाला. मग चहा ओतताना म्हणाला, फक्त एक शंका आहे शालोम, ते दहा मोजताना तुला धरायचं की नाही? कोळंबीवाला माणूस तू. मागे सासरे हसले.

मी ठरल्याप्रमाणे मोजायला लागलो. एक नाही, दोन नाही, तीन नाही, चार नाही. पाचला हात सुटला. एलिस टीपॉयवर पडला. टीपॉय काचेचा. त्याच्या कोपरातून रक्त, सतरंजीभर चहा. सासऱ्यांनी काठीने माझ्या कानशिलात दोन ठेवून दिल्या. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर आहे.

कंपनीच्या सवयीने अपघात अहवाल: कारण, फर्निचरची चुकीची निवड. उपाय, लाकडी टीपॉय.

उरले आठ नाही. काळजीचं कारण नाही. चारपर्यंत पोचलो ही प्रगतीच.

१४ जानेवारी, मंगळवार
मनालीचा भाऊ राकेश देवळ्याहून तिळगूळ घेऊन आला. मनालीने त्याला सगळं सांगितलेलं दिसतं. म्हणाला, दाजी, तुम्ही लय तापट हाये. अशानं माणसं जमायची नाय. त्या रूबेनभाऊला एक फोन लावा ना, काय जातंय. म्हटलं, हा काही कांद्याचा लिलाव नाही. तरी हसत राहिला.

त्याला हात लावला नाही. तो पन्नास किलोची गोणी एका हाताने उचलतो. याला संयम म्हणतात.

१९ जानेवारी, रविवार
काद्दिशनंतर जेवण. कोंबडा आमच्या पद्धतीने कापायचा तर सुरी एका झटक्यात फिरली पाहिजे, जनावराला कळता कामा नये. मोझेसकाकांना ते येतं. चौऱ्याहत्तर वय, रेल्वेतून रिटायर, पण मला शिकवायला तिन्ही मुलांसह मनमाडहून आले. वडिलांच्या वेळची सुरी आणली. म्हणाले, तू पाय धर, मी कापतो. म्हटलं, काका, सुरी माझ्याकडे द्या, सेफ्टी ऑफिसर मी आहे.

गच्चीवर गेलो. कोंबड्याला कळलं. आधी माझ्या कपाळावर चोच, मग डोळ्याखाली नख्या. मी वार केला, तो हुकला. दुसरा केला, तो काकांच्या पायावर. चप्पल कापून आत गेली सुरी. गच्चीवर इतकं रक्त की मनाली किंचाळली. थोरल्या मुलाने माझ्या जबड्यावर ठोसा मारला. मी त्याच्या अंगठ्याला चावलो. स्वसंरक्षण. तो सुटेना, मीही सोडेना. शेवटी राहिलेल्या दोघांनी बादलीभर पाणी ओतून आम्हाला वेगळं केलं.

काकांना सात टाके. कारण, काका चुकीच्या जागी उभे. काका जाताना एवढंच म्हणाले, तुझी आई माझी वहिनी होती रे. यात नवीन काय सांगितलं कळलं नाही.

कोंबडा पाण्याच्या टाकीवर चढून बसलाय. झुंबरराव त्याला दाणे टाकतात.

उरले चार नाही.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदनाहून आल्यावर आरोहीने विचारलं, शेवटचं पाणी आजीला मी पाजलं, मग दहात मी चालेन का? सांगितलं, बायका मोजत नाहीत, शिवाय तुझी आई हिंदू, धर्माच्या कायद्याने तू ज्यूच नाहीस. ती म्हणाली, शनिवार पाळत नाही, कोळंबी सोडत नाही, आणि नेमका हाच नियम पाळता? पाण्याचा ग्लास घ्यायला हात वर केला, तर ती दोन पावलं मागे सरकली आणि चेहऱ्यासमोर कोपर धरलं.

तिचे डोळे तपासून घ्यायला हवेत. नंबर बदलला असेल. मी तिला कधीच मारलेलं नाही.

काद्दिश निम्मा पाठ झाला. दार बंद करून म्हणतो. चौथ्या ओळीला दोनदा आवाज गेला. नाशिकची थंडी.

२९ जानेवारी, बुधवार
ठाण्याच्या थोरल्या चुलतभावाने ग्रुपवर लिहिलं, चार माणसांत काद्दिश होत नाही, आम्ही तिघांनी येऊन काय करायचं. मी उत्तर लिहिलं. त्याने माझ्या उत्तराला उत्तर लिहिलं. मी लिहिलं, हिंमत असेल तर कसाऱ्याला ये.

आला. तिघंही आले. घाटाखालच्या ढाब्यामागे भेटलो. सुरुवात माझ्याकडून चांगली झाली. मग धाकट्याने मागून धरलं, मधल्याने पोटात गुडघा घातला आणि थोरल्याने जे काही केलं त्यामुळे डाव्या डोळ्याने दिसत नाही. मीही थोरल्याची बरगडी हलवली, आवाज आला होता. एकूण सामना बरोबरीत.

उरले एक नाही. म्हणजे मी. निदान हा तरी पक्का आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार
रूबेनला फोन लावला. चुकून लागला. त्याने उचलला, म्हणाला, बोल, शालोम. माझ्या नावातल्या श ला बारीक शिट्टी आली. दात नाही तिथून हवा जाते. मी बोललो नाही. त्यानेही ठेवला नाही. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मग नेटवर्क गेलं. नेटवर्क म्हणजे मी बटण दाबलं.

दार उघडलं तर आरोही बाहेरच उभी. काय ऐकलंस विचारलं, तर काही नाही म्हणाली आणि स्वतःचा फोन घेऊन गच्चीवर गेली. कोंबड्याचे फोटो काढायला असेल.

काद्दिश पूर्ण पाठ. एकही चूक नाही.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९
निर्णय घेतला. कुणी नसलं तरी चालेल. मी एकटा म्हणेन, बघू कोण अडवतं. प्रार्थनेच्या मलिद्याचं ताट मनालीने लावलं, ती हिंदू असून आईच्या हाताखाली शिकली. भिजवलेले पोहे, साखर, वेलची, पाच फळं. खोबरं कमी पडतंय. नारळ आणायला खाली जातो. आज आईचा दिवस. आज तर मी मुंगीलाही धक्का लावणार नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.५०
अपघात अहवाल.

नारळ घेऊन परतलो. गेटवर झुंबरराव धावत आले. म्हणाले, शालोमसाहेब, लवकर वर जा, तुमच्याकडे चर्चमधले लोक आलेत. मी पुढचं ऐकलं नाही. अकरा वर्षं सांगून झालं. नारळ हातात होता. तो त्यांच्या डोक्यावर फुटला नाही, डोकं फुटलं. ते खाली बसले, पांढरा शर्ट लाल झाला, तरी बोट वर दाखवत होते. वॉचमन लहानूने पोलिसांना फोन केला. गाडी आली, मला घेऊन गेली. हवालदाराने धर्म विचारला. सांगितलं. त्याने स्पेलिंग विचारलं, मग इतर असं लिहिलं.

सहानंतर झुंबरराव डोक्याला पट्टी बांधून पोलीस ठाण्यात आले. नऊ टाके. हवालदाराला म्हणाले, साहेबांनी नाय मारलं, नारळ निसटला. हवालदार म्हणाला, इतक्या जोरात? हो, म्हणाले, यांच्या हातून निसटतंच जोरात. मला रिक्षात बसवलं. बाहेर अंधार पडला होता. आमच्यात सूर्य बुडाला की दिवस संपतो.

घरात नऊ खुर्च्या अर्धगोलात. रिकाम्या. आरोहीने सांगितलं. रूबेन काल माझा आणि मग तिचा फोन आल्यावर रात्रभर गाडी चालवत फिरला. प्रत्येकाच्या दारात जाऊन बसला. मोझेसकाका कुबडी घेऊन दोन मुलांसह आले, तिसरा तापाने पडला होता. थोरल्याचा अंगठा अजून बांधलेला होता. एलिस आला, सासरे आले, ठाण्याचा मोडक्या बरगडीवाला दोघांच्या आधाराने जिना चढला. डोक्यावर टोप्या घातलेले लोक बघून झुंबररावांना वाटलं, चर्च. सगळे सकाळी दहापासून बसले होते. मी कुठे आहे ते चारला कळलं, तोवर लहानू भीतीने वर फिरकला नव्हता. रूबेन पोलीस ठाण्यात आला होता, त्याला आत सोडलं नाही.

झुंबरराव दवाखान्यातून सरळ आमच्याकडे गेले होते. म्हणाले, एक माणूस कमी पडतोय ना, मी बसलो तर चालेल का? चालत नाही म्हटल्यावर मला सोडवायला निघाले.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा मोझेसकाकांनी शेवटचं मोजलं. आईच्याच पद्धतीने, एकेकाकडे बोट न दाखवता. एक नाही, दोन नाही, तीन नाही. नऊ नाहीपर्यंत आले. मग दाराकडे बघून दहा म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांना म्हणवेना.