पाटीवर कुठलं नाव

ब्रिस्टल,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय ऋजुताई,

तू आणि बाबा बरे असाल. मी ठीक. बॉयलर बंद पडलाय, घरमालक उद्या उद्या करतो.

पार्कातल्या बाकावर आईच्या नावाची पाटी लावायची, कौन्सिलला शुक्रवारपर्यंत कळवायचं, बाबा अनुराधा म्हणतात, तुझं काय, असं तू विचारलंस. सांगतो.

आधी दुसरंच आठवलं. मागच्या वर्षी स्पेनमध्ये भटकताना बिल्बाओहून सान सेबास्टियनचं तिकीट काढलं. बस थांबली तिथं बोर्ड 'दोनोस्तिया'चा. मी बसूनच राहिलो, थेट सरहद्दीवरच्या इरुनपर्यंत. परत आलो तर होस्टेलवरची मिरेन म्हणाली, "तूही गेलास का इरुनला? गाव एकच आहे." बास्कमध्ये दोने म्हणजे संत. दोने सेबास्टियन जिभेवर झिजत झिजत दोनोस्तिया झालं. गावातले तर नुसतं दोनोस्ती म्हणतात. सरकारी कागदांवर दोन्ही नावं. खरं कुठलं, विचारलं. म्हणाली, "तिथं राहतात त्यांना विचार."

तर आई. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, स्पेनच्या आधी, ती लेस्टरला नंदामावशीकडे नव्हती. माझ्याकडे होती, नऊ दिवस. बाबांशी काय झालं ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही. माझ्या हाउसमेटनं, गॅरेथनं, नाव विचारलं तर म्हणाली, "अरुणा." मी बघत राहिलो. मग भांडी विसळताना म्हणाली, "माहेरचं नाव आहे रे माझं. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं अनुराधा लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं."

गॅरेथ रोज जिन्यातून ओरडायचा, "अरुणा, टी?" ती लगेच ओ द्यायची.

मग माझी स्पेनची बोट होती. ती म्हणाली, "तू येईपर्यंत राहू का इथंच?" मी म्हटलं, बाबा वाट बघत असतील. घरी जायला मिल्टन कीन्सच्या बसमध्ये बसवून दिलं. ती खिडकीतून हात हलवत नव्हती, पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

अंत्यविधीला सुट्टी मिळाली नाही म्हणालो ते खोटं. मी मागितलीच नव्हती. त्या दिवशी शिफ्ट केली, प्लेटा धुतल्या. रडू अजून आलेलं नाही.

पाटीवर अरुणा लिही. हवं तर खाली अनुराधा. बाबांना ऑगस्टचं तू सांगू नकोस, मी सांगतो. गुरुवारी येतोय.

तिला परत पाठवणारा,
समर