फेकून दिलेला टेक

३ मार्च, सोमवार

फट् फट् फट् — रीळ संपल्यावर त्याची सुटलेली शेपटी फिरत राहायची, तो आवाज. आज दाढी करताना एकदम कानात! छप्पन्न वर्षांपूर्वीचा. आमच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग. तीन मिनिटांचं गाणं साडेचार मिनिटं चाललं. माझ्या सॅक्सोफोनचा शेवटचा सूर विरला आणि रीळही संपलं. मग ड्रमच्या मागून दादा — "हे काय? लोक नाचायला येतात, सांत्वनाला नाही!"

आठवण निघायचं कारण परवाचं पत्र. ध्वनिसंग्रहालयातल्या बाईंना तो टाकून दिलेला पहिला टेक, तेच साडेचार मिनिटांचं रेकॉर्डिंग, सापडलाय. त्यांना तो प्रसिद्ध करायचाय. आम्हा दोघा भावांची, दादाची आणि माझी, संमती हवी. पंधरा तारखेपर्यंत.

५ मार्च

बाई मशीन घेऊन आल्या. ऐकवलं.

जॅझच आहे, सुरुवातीला तरी. उड्या मारतंय, बूट वाजवतंय. मग मध्येच लय बसते, दमलेला माणूस पायरीवर बसतो तशी. आणि सॅक्सोफोन कोमल गंधाराकडे घसरत निघतो, पोचत मात्र नाही. ब्लूज! तेव्हा आमच्यात तो शब्दही कुणी नीट उच्चारत नव्हतं.

"कोण हो हा पोरगा?" मी विचारलं. बाई हसल्या. लेक म्हणाली, "बाबा, रडताय?"

"ड्रॉप घातलेत डोळ्यांत."

"ते रात्री घालायचे असतात!"

६ मार्च

ती खोली अजून दिसते. एकच मायक्रोफोन. जमिनीवर खडूची रेघ. माझी पाळी आली की रेघेपर्यंत दोन पावलं पुढे, संपली की मागे. दादा पार कोपऱ्यात, चारी बाजूंनी गोधड्या टांगलेल्या, ड्रमवर त्याचं पैशाचं पाकीट ठेवलेलं — आवाज दबावा म्हणून. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं.

शाळेत गुरुजी कविता म्हणून घेताना पट्टीनं बाकावर वृत्त वाजवायचे. यती, म्हणजे ओळीतला थांबा, चुकला की पट्टी आमच्यावर! पण एकदा, कधी नव्हे ते, स्वतःच एका ओळीवर अडकले. खिडकीबाहेर बघत राहिले. ती शांतता मला कवितेहून आवडली. त्या टेकमध्ये मी तेच केलं, असं आजवर मानत आलोय. सगळ्यांना ओढून त्या खिडकीशी नेलं. आयुष्यात एकदाच. दुसरा टेक झटपट, टापटीप. तोच विकला गेला. महिन्याभरात दादानं मला बँडमधून काढलं — "ज्याला लय सांभाळता येत नाही, त्यानं घरी वाजवावं." मग काय, वाजवलं घरी. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं. पुन्हा कधी रेकॉर्डिंगच्या लाल दिव्याखाली उभा राहिलो नाही. दादाशी बोललोही नाही.

९ मार्च

फोन केला. पुतण्यानं उचलला. मागून दादाचा खोकला ऐकू येत होता.

"काका, बाबा म्हणतात, टाकून दिलेलं उकरू नये."

"त्यांना फोनवर दे."

पलीकडे कुजबुज. मग — "झोपलेत म्हणे."

म्हणे! झोपलेला माणूस स्वतःच सांगतो वाटतं, झोपलोय म्हणून!

१० मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. दमलो.

१२ मार्च

बाईंना विचारलं, माझ्या एकट्याच्या सहीनं भागेल का? नाही. बँड दादाच्या नावावर होता. तो नाही म्हणाला तर रीळ परत कपाटात. "पुढच्या पिढीला मिळेल कदाचित," त्या म्हणाल्या. पुढच्या पिढीला काय करायचंय? मला हवंय! साडेचार मिनिटं. त्याखेरीज माझं म्हणून आहे काय?

सॅक्सोफोन काढला. कवळीनं काही जमत नाही — हवा गालातूनच पळते. लेक न्हाणीघरातून ओरडली, "कुकरची शिट्टी झाली का हो?" हसलो. मग बराच वेळ पेटीचं झाकण लावलं नाही.

१४ मार्च

उद्या शेवटचा दिवस. फोन नाही. पुन्हा करणार नाही.

१५ मार्च, शनिवार

सकाळी बेल. दूधवाला समजून उघडलं, तर दादा! चार जिने चढून, एकटा, कठडा धरून धापा टाकत. हातात सही केलेला कागद.

"आधी ऐक," म्हणाला. "लय तू नव्हती सोडलीस. मी सोडली होती. गोधड्यांच्या आड कुणाला दिसत नव्हतं. ते वाजवायचं फार दिवस मनात होतं. तू नुसता माझ्या मागून आलास. इतकं गोड झालं, की घाबरलो मी."

साडेचार मिनिटं माझी होती, तीही गेली. तो अजून कठडा धरूनच उभा होता.

"आत ये," म्हणालो.