दादांच्या छातीवरचा काळा दगड

२५ मे, रविवार

दादा, तुमच्या या लेकीनं दोन वर्षांत तुम्हाला काही लिहिलं नाही, माफ करा. वहीत रोज काही ना काही खरडते, पण तुम्हाला उद्देशून लिहायचा धीर होत नव्हता. आज लिहिणं भाग आहे. चर्चच्या मंडळीत एकीनं तुमच्यावरून मला प्रश्न विचारला आणि मी तो हसण्यावारी नेला.

आपलं कबरस्थान आता तुम्हाला ओळखू यायचं नाही. तुम्ही विळा घेऊन गवत कापायचात तिथे कबरीला कबर लागून सिमेंट आणि फरशी झाली आहे. पडेल तो पाऊस वाहून रस्त्यावर जातो आणि कडुलिंब शेंड्याकडून वाळत चाललेत. ईस्टरच्या पहाटे वाहिलेले प्लॅस्टिकचे हार दिवाळीपर्यंत कुंपणाच्या तारेला लोंबकळतात. म्हणून मी पाळकसाहेबांशी बोलून ठराव लिहिला, की कबरीवर सिमेंट-दगड नको, माती आणि एक झाड असावं, आणि हार खऱ्या फुलांचे असावेत. आज उपासनेनंतर तो वाचून दाखवला. देवानं दिलेली जमीन राखणं हीसुद्धा उपासनाच आहे, असंही मी म्हणाले. ते वाक्य मी काल तीनदा लिहून पाहिलं होतं. आता त्याची लाज वाटते.

वाचून झालं तशी फाटकाजवळ राहणारी म्हातारी उठली. तिचा नवरा मागच्याच महिन्यात गेला, त्याची कबर तुमच्या शेजारीच आहे. "बाई, ठराव चांगला हाय," ती म्हणाली. "पन तुमच्या दादाच्या छातीवर काळा दगड आन् माझ्या म्हाताऱ्यावर गवत, आसं का?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आज्जे, बाईंच्या दगडाला जुनी पेन्शन लागू हाय!" सगळे हसले. मीही हसले, दादा. पाळकसाहेबांनी मला सांभाळून घेतलं. "जुन्या कबरींना हात लावायचा नाही, नियम इथून पुढचा," असं म्हणून त्यांनी हात वर करायला सांगितले. ठराव मंजूर झाला. म्हातारीनंही हात वर केला.

बाहेर चपला घालताना तिनं माझं मनगट धरलं. "राग नको मानू पोरी. माझं लेकरू गेलं तवा पेटी तुझ्या बापानंच केली हुती. मी म्हनलं, वर दगड बसवू. तर म्हनला, दगड नको वयनी, मी झाड लावतो. फाटकापाशी लिंब हाय ना, त्यो माझा लेक हाय. मी तुझ्या बापाचं ऐकलं. तू न्हाई ऐकलंस." एवढं बोलून ती सलाम करून गेली. त्या लिंबाखालून मी आयुष्यभर ये-जा केली. तुम्ही कधी बोलला नाहीत.

मला तुमची सुतारकामाची शेड आठवते. मी दहावीत आहे, आमच्या गणिताच्या बाई गेल्या आहेत आणि तुम्ही त्यांची पेटी करताय. मी काचपेपर मारतेय. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात मी डब्यातलं व्हार्निश झाकणाला लावते, बाईंची पेटी चमकावी म्हणून. तुम्ही परत येता, रंधा उचलता आणि न्यायला आलेली माणसं दारात ताटकळत असताना सगळं झाकण पुन्हा तासून काढता. मग माझ्याकडे न पाहता म्हणता, "पेटी कुजली पाहिजे. मातीला आत येऊ द्यावं." त्या संध्याकाळी नेहमीसारख्या ढलप्या पोत्यात भरून तुम्ही झाडांच्या आळ्यात टाकायला नेल्यात. मी रागानं सोबत आले नाही.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. तुमच्या स्वतःच्या पेटीसाठी आंब्याच्या फळ्या तुम्ही शेडमध्ये उभ्या करून ठेवल्या होत्या, त्याही मी पाहिल्या होत्या. पण तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती कॉलेजात शिकवायला लागले होते. स्टाफरूममधली माणसं मातीला येणार होती. सुताराच्या शिकलेल्या पोरीनं बापाला साध्या फळ्यांत घातलं, असं कोणी म्हणायला नको होतं. नगरहून सनमायका लावलेली प्लायवूडची पेटी आणली आणि वर्षाच्या आत ग्रॅनाइट बसवला. आई आधीच गेली होती, मला अडवणारं कोणी नव्हतं. फळ्या अजून तिथेच आहेत. एकोणीस वर्षं झाली.

दुपारी कबरस्थानात गेले. दगड इतका तापला होता की त्यावर हात ठेववेना. पाळकसाहेबांनी मला मोकळं केलंय, नियम इथून पुढचा. पण म्हातारी उद्यापरवा नवऱ्याच्या कबरीवर रोप लावेल, तेव्हा मी शेजारच्या दगडावर बसलेली असेन.

आणि एक खरं सांगते. मी अडलेय ती लोकांमुळे नाही, ते दिवस गेले. कॉलेजातून परतताना मी त्या दगडावर बसते, दिवसभराचं सांगते. घरी ते ऐकायला कोणी नाही. दगड काढला आणि गवत वाढलं, की तुम्ही नेमके कुठे आहात ते मला कळणार नाही, याची भीती वाटते. एवढ्यासाठी मी तुम्हाला एकोणीस वर्षं पावसापासून अडवून धरलं. पेटीचं तर आता काहीच करता येणार नाही.

उद्या: गवंड्याला फोन करणे.