कुलूपबंद, माणसे शून्य

बीड,
१२ मार्च २०२४

ती. स्व. धोंडीरामदादा यास,

बद्रीनाथचा नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे सर्व ठीक, नळाला बारा दिवसांनी पाणी येतं. आईच्या दहाव्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे तुमच्या मुकादमाच्या हाती पाठवतो आहे. साखर कारखाना बंद होईपर्यंत तुमची ऊसतोडीची टोळी तिकडेच असेल ना?

सोबतच्या कागदावर थोरला मुलगा म्हणून तुझी सही हवी आहे. आमच्या प्रकल्पाचा अहवाल छापायचा आहे आणि त्यात आईची हकीकत घ्यायची आहे. नाव बदलणार आहोत.

कुठल्या वस्तीला टँकर लागेल हे संगणकाने महिनाभर आधी सांगावं, असं ते काम. आम्ही तिघं. विहिरीत पाणी किती ते सांगणारे भूजलवाले माणिकराव, ते संगणकाला शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई, आणि पिणारी माणसं किती ते सांगणारा समाजशास्त्राचा मास्तर मी. माणिकरावांना संगणक कळत नव्हता, बाईंनी जन्मात पोहरा ओढला नव्हता, आणि मी दोघांनाही हसायचो. दुसऱ्याच्या विषयात नाक खुपसायचं नाही, हा नियम मात्र तिघांनीही पाळला.

जानेवारीत संगणकाने आपल्या वस्तीचा टँकर बंद करायला सांगितला. नऊ घरं, नऊही कुलूपबंद, माणसे शून्य. तो बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आई घागर घेऊन जुन्या विहिरीत उतरली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरच्या भामाबाईला ती दिसली.

बाकीच्या आठ घरांनी आपली म्हातारी माणसं टोळीबरोबर नेली. तू नेली नाहीस. कोयता धरवत नाही, खायला मात्र लागतं, असं तू म्हणाला होतास. घरात धान्य, दाराला कुलूप, किल्ली वहिनींच्या कमरेला आणि आई ओसरीवर. दहाव्याला भावकीसमोर मी तुला विचारलं, की कुलूप कोणी लावलं. तू जमिनीवर डोकं आपटून म्हणालास, "म्या मारली रं आईला." मी तुला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. सगळे म्हणाले, धाकटा शहाणा आहे.

आता पुढचं लिहितोच.

नोव्हेंबरात आम्ही तिघं मोजणीला वस्तीवर आलो होतो. आई ओसरीवर बसली होती. मला बघून लगबगीने उठायला लागली. बाईंनी मला विचारलं, "दाराला कुलूप आणि या बाहेर? या कोणाच्या?" त्यांच्या चेहऱ्यावरची ती किळस मला सोसली नाही. मी म्हणालो, "शेजारच्या आहेत. उन्हाला बसल्यात."

आई अर्धवट उठलेली, तशीच थांबली. मग म्हणाली, "व्हय बाई, मी शेजारची हाय. ह्यांच्या घरावर ध्यान ठिवते." आणि लगेच, "पानी पिता का?" तिच्या घागरीतलं पाणी बाई दोन पेले प्याल्या. मी फॉर्म भरला. कुलूपबंद, माणसे शून्य. ती शेजारची, म्हणून या घरात धरली नाही. शेजारच्या घरात ती नव्हतीच.

माणिकराव आपल्याच तालुक्याचे. माझा चेहरा आणि आईचा चेहरा त्यांनी ताडला असणार. जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "माणसं मोजायचं काम तुमचं हाय, मास्तर. मी का म्हून बोलू?"

टँकर बंद करायची यादी माझ्याच हातून पुढे गेली. एक फोन केला असता तरी पुरे होतं. पण मग ती कोण, हेही सांगावं लागलं असतं.

कुलपाबाहेर राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नोंद सुटते, हा आता आमचा मोठा शोध ठरला आहे. दिल्लीला त्यावर भाषण आहे, ते मीच करणार आहे. ती म्हातारी कोणाची, असं पुण्याच्या बाई अजून विचारतात. कागदावर वारसाच्या सहीला एकच जागा आहे. तू सही केलीस, तर मला करावी लागणार नाही.

नाही केलीस तर मी सगळं कबूल करीन, असं लिहिणार होतो. पण करणार नाही. आईने मला त्या दिवशी सांभाळून घेतलं, तसं तूही घेशील, असं धरून चाललो आहे.

सही निळ्या शाईने कर. लोभ मागायला तोंड नाही.

शेजारचा,
बद्रीनाथ