थालीपीठावरची साखर

कोथरूड, ९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप अनंतमामांना हेमाचा साष्टांग नमस्कार.

गणपतीपासून पत्र नाही, याबद्दल क्षमा असावी. (कामात होते, असं लिहून खोडलं. नव्हते.) आपला गुडघा कसा आहे? मामी जिना उतरू देतात का?

आपण दिलेली अभिनेत्री सौदामिनीबाईंची तिन्ही चरित्रं वाचून झाली. त्यांतल्या कुठल्यावर किती विश्वास ठेवावा, यावर शनिवारी आमच्या वाचक मंडळात मला बोलायचं आहे. चिटणीस पूर्णिमाताई म्हणाल्या, थोडक्यात आटपा, लोक खरंखोटं बघत नाहीत, घड्याळ बघतात. मी मात्र आपलीच कसोटी घेऊन बसले. लहानपणी मॅटिनीहून परतताना मी नटनट्यांच्या बातम्या सांगायचे आणि आपण विचारायचात, "सांगणारा तिथे होता का?" त्या एका प्रश्नावर माझं निम्मं शिक्षण उभं आहे, मामा. हे आपल्याला कधी सांगितलंच नाही.

तर पहिल्या चरित्रात बाईंचा जन्म दोनदा झालाय. दुसऱ्यात बंद खोलीतले संवाद शब्दशः आहेत (खोलीत बाई एकट्याच). तिन्हींचं एकमत फक्त एका प्रसंगावर: मंडईजवळ त्यांची गाडी बंद पडली, एका घरी त्या टेकल्या, थालीपीठ खाल्लं आणि आईच्या आठवणीने रडल्या. मी आनंदाने समासात 'विश्वसनीय' लिहिलं. मग दिसलं, तिसऱ्याने हे दुसऱ्यावरून घेतलंय, दुसऱ्याने पहिल्यावरून, आणि पहिल्याला ते 'पुण्यातील एका जाणकार गृहस्थांकडून' समजलंय. थालीपीठावर साखर भुरभुरली होती, असंही तो लिहितो. मामा, थालीपीठावर साखर पुण्यात फक्त आपल्या घरी घालतात. (चौकशी केली. निदान आमच्या सोसायटीत तरी कोणी घालत नाही.)

आता प्रसंग खोटा म्हणावा, तर शनिवारी पहिल्या रांगेत आपण बसलेले. खरा म्हणावा, तर आपलाच प्रश्न आडवा येतो. काहीही निघो, ही शंका घ्यायला मला आपणच शिकवलंत, आणि त्याचे उपकार साखरेसकट मान्य आहेत.

आपली,
हेमा

ता. क. शनिवारी नक्की या. विनंती एवढीच, की मी 'जाणकार गृहस्थ' म्हणाले की उठून नमस्कार करू नये.

आणखी एक. पत्र पुन्हा वाचलं. नुसत्या साखरेवरून आपल्यावर संशय घेणं बरं नाही, आणि प्रत्यक्ष साक्षीदार तर आपल्या घरातच आहे. उद्याचं काम: मामींना फोन करून विचारणे, त्या दिवशी थालीपीठ कोणी लावलं होतं.