आवाजाच्या पॅकेजची किल्ली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंद्याने सॉफ्टवेअरची पॅकेजे, म्हणजे संगणकावर आयते बसवता येणारे गठ्ठे, बांधणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण गेल्या रविवारपासून माझ्या शुद्धीची मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे.

१. राहते घर माझ्या पश्चात ह्यांचे, त्यानंतर दोन्ही मुलांचे समसमान. ठेवी ह्यांच्या औषधपाण्यासाठी.

२. माझे जुने संगणक मुलीला. ती तयार पॅकेजला हात लावत नाही. टार म्हणजे प्रोग्रॅमच्या सुट्या फाइलींची गठडी आणते, सोडते आणि स्वतः जुळवत बसते. टार कुठे काय ठेवले याची नोंद करत नाही, त्यामुळे काढायची वेळ आली की घरभर शोधत फिरा. यावरून आम्ही मायलेकी वर्षानुवर्षे भांडलो. संगणक तिने घ्यावेत, भांडण माझ्याबरोबर जाऊ द्यावे.

३. माझ्या दिरांना काहीही नाही. "वहिनी, सगळं एका फ्लॅटपॅकमध्ये का नाही कोंबत?" असे म्हणून त्यांनी चारचौघांत माझी अक्कल काढली होती. फ्लॅटपॅक म्हणजे लागेल ते सगळे सामान सोबत आणणारे पॅकेज, गादी-उशी घेऊन येणारा पाहुणा. सोय खरी, पण ह्यांच्या जुन्या संगणकात तेवढी जागा नव्हती, आणि ते विचारायची तसदी भाऊजींनी घेतली नाही.

४. हे भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. घशाच्या ऑपरेशनआधी ह्यांचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. हे टाइप करतात आणि संगणक ह्यांच्याच आवाजात बोलतो, असा प्रोग्रॅम मी डेब जातीच्या पॅकेजमध्ये बांधला. पुढे मुलाने वडिलांना नवा संगणक घेऊन दिला. त्यावर डेब नाही, आरपीएम जातीचे पॅकेज चालते, म्हणून त्याने नवे पॅकेज बांधताना माझी कृती जशीच्या तशी उचलली, पॅकेज काढताना मागच्या फाइली पुसणाऱ्या शेवटच्या साफसफाईच्या सूचनेसकट. डेबमध्ये त्या सूचनेला शब्दांत सांगितले जाते की हे कायमचे काढणे आहे की नुसते अपडेट. आरपीएम तेच एका आकड्याने सांगते, आणि जुन्या पॅकेजची आवराआवर नवे बसल्यावर करते. मुलाने तो आकडा तपासला नाही. यात आरपीएमचा काहीही दोष नाही.

रविवारी सकाळी अपडेट झाले. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीतून कुणी परकी बाई म्हणाली, "अगं, माझा चष्मा कुठंय?" माझ्या हातातले भांडे खाली पडले. अपडेटलाच कायमचे काढणे समजून साफसफाईत ह्यांच्या आवाजाची फाइल पुसली गेली होती, आणि संगणक त्याच्या मूळच्या बायकी आवाजात बोलत होता. दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती, ती आता उघडत नाही. ह्यांचा आवाज गेला, दुसऱ्यांदा गेला.

मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. "आई, मी बाबांचा आवाज पुसला," एवढेच म्हणत राहिला. मी इतकी सुन्न झाले होते की त्याला जवळही घेतले नाही. हे मात्र टाइप करत होते. ती परकी बाई म्हणाली, "पोराला पाणी दे आधी."

५. सहीची किल्ली, म्हणजे पॅकेज आमचेच आहे याची संगणकाला खात्री देणारा गुप्त संकेत. ह्यांच्यासाठी बांधलेला प्रोग्रॅम पुढे इतरांनीही घेतला. तिने सही केलेले अपडेट शेकडो मुक्या माणसांच्या संगणकांत न विचारता शिरते. ही किल्ली मी मुलाला देते.

मुलगी म्हणाली, "आई, डोकं फिरलंय का तुझं? त्याच्याच हातात?" हो, त्याच्याच. पुढची पॅकेजे बांधताना तो आकडा तपासायला त्याला कुणी सांगावे लागणार नाही. आमच्या घरात झाले ते दुसऱ्या घरात होऊ न देण्याची काळजी त्याच्याइतकी कुणालाच नाही.

हे मृत्युपत्र साक्षीदारांसमोर ह्यांच्या संगणकाने वाचून दाखवले. हे एकेका कलमासाठी कळ दाबत होते. पाचवे कलम संपताच मुलगा उठून दाराकडे निघाला. ह्यांनी त्याला हाताने बोलावून शेजारी बसवले आणि पाचव्याच कलमासाठी कळ पुन्हा दाबली.

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: २२ फेब्रुवारी, शनिवार

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार: ह्यांचे ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टर (सही)